प्रकाशाने मोजताना: कड, वर्तुळ आणि दुसरा साक्षीदार

(सार्वजनिक व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरे दिली आहेत.)



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी मला फोन करून विचारलं, "सर, तुम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत. हे यंत्रांचे सुटे भाग आणि त्यांची मापं मध्येच कुठून काढलीत?" प्रश्न रास्त आहे. मी शिकवत होतो ज्ञानमीमांसा. म्हणजे एखादी गोष्ट आपल्याला खरोखर कळली असं आपण कधी म्हणू शकतो, हा प्रश्न. वर्गात तो प्रश्न पुस्तकी वाटतो. मला तो नीट भेटला तो भोसरीतल्या एका गाळ्यात, आणि तिथे त्या प्रश्नावर सात-आठ माणसांचा पगार अवलंबून होता.

माझ्या भाच्याचा तिथे छोटा कारखाना आहे. दोन सीएनसी लेथ, एक सेंटरलेस ग्राइंडर. काही वर्षांपूर्वी एका रविवारी तो घरी आला आणि टेबलावर एक पोलादी पिन ठेवून म्हणाला, "मामा, ही पिन बरोबर आहे की चूक, सांगा."

मी म्हटलं, "मला काय कळणार?"

तर म्हणाला, "कंपनीलाही कळत नाहीये. त्यांना फक्त आकडा दिसतोय."

प्रकरण असं होतं. ड्रॉइंगमध्ये पिनेचा व्यास आठ मिलिमीटर. चालेल ती मर्यादा ७.९८५ पासून ८.००० पर्यंत. म्हणजे सगळी सूट मिळून पंधरा मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. भाच्याच्या मायक्रोमीटरवर पिना ७.९९० भरत होत्या. पास. कंपनीत कॅमेऱ्याने मोजणारं यंत्र होतं, ज्याला ते व्हिजन मशीन म्हणतात, त्यावर त्याच पिना ७.९८२ भरल्या. नापास. दोन हजार पिनांचा लॉट परत. भाच्याने विचारलं, एकदा समोरासमोर मोजून बघू या का? उत्तर मिळालं, "आमचं मशीन मायक्रॉनचा दहावा भाग दाखवतं. तुमचा मायक्रोमीटर काय सांगणार?"

आठवडाभराचं काम भंगारात जायची वेळ आली होती. पण भाच्याला जास्त लागलं ते दुसरंच. ग्राइंडरवरचा त्याचा माणूस वीस वर्षं हेच काम करतोय. तो आता प्रत्येक पिन तीनतीनदा मोजायला लागला होता. त्याला स्वतःच्या हाताचीच शंका यायला लागली होती.

तेव्हा मी हा विषय वाचायला घेतला. या वयात नवा विषय शिकायला मजा येते, परीक्षा नसते ना! आज त्यातलं जे मला समजलं ते सांगतो. पिनेचं पुढे काय झालं ते शेवटी येईलच.

सावलीपासून सुरुवात

प्रकाशाने माप घेण्याची सगळ्यात साधी रीत म्हणजे सावली. वस्तूच्या मागून प्रकाश सोडा, पुढे भिंग ठेवा, आणि पडद्यावर सावली मोठी करून पाडा. हेच आपलं प्रोफाइल प्रोजेक्टर. वर्कशॉपमध्ये शिकलेल्यांनी ते पाहिलं असेल: गोल दुधी काचेचा पडदा, आणि त्यावर एखाद्या स्क्रूची भलीमोठी काळी सावली. पन्नास पट मोठं केलं की वीस मायक्रॉनचा फरक पडद्यावर पूर्ण एक मिलिमीटर दिसतो. पडद्यावर अपेक्षित आकाराची रेघ आखलेला पारदर्शक कागद लावायचा आणि सावली रेघेच्या आत बसते का ते बघायचं.

हे यंत्र आलं अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावातून, १९२० च्या दशकाच्या आसपास. जेम्स हार्टनेस आणि रसेल पोर्टर या दोघांनी ते घडवलं. त्या वेळी अडचण होती स्क्रूच्या आट्यांची. एका कारखान्याचा नट दुसऱ्या कारखान्याच्या बोल्टवर बसेल याची खात्री नव्हती, आणि पहिल्या महायुद्धात ते फार महागात पडत होतं. १९१८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने फक्त आट्यांच्या प्रमाणीकरणासाठी एक आयोग नेमला, इतका तो प्रश्न मोठा होता. आट्याचा आकार मायक्रोमीटरच्या जबड्यात नीट सापडत नाही. त्याचा कोन, त्याची खोली, त्याचा गोलावा, हे सगळं एकदम बघायचं तर सावलीच हवी.

हार्टनेस पुढे व्हरमाँटचे गव्हर्नर झाले. पोर्टर हे मोठं गमतीदार व्यक्तिमत्त्व. आधी उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमांत गेलेले, मग हौशी लोकांना घरच्या घरी दुर्बिणीचे आरसे घासायला शिकवणारे, आणि पुढे कॅलिफोर्नियातल्या पालोमारच्या दोनशे इंची दुर्बिणीच्या कामात सहभागी झालेले. कारखान्यातला स्क्रू आणि आकाश बघणारा आरसा, दोन्हींची तपासणी प्रकाशानेच होते. आपल्यालाही आज तोच प्रवास करायचा आहे, स्क्रूकडून आरशाकडे.

आज पडद्याच्या जागी कॅमेरा आला आणि बघणाऱ्या माणसाच्या जागी संगणक. शिवाय भिंग सुधारलं. साध्या भिंगातून जवळची वस्तू मोठी दिसते, लांबची लहान. अंगठा डोळ्यासमोर धरला तर चंद्र झाकला जातो, तसं. मापाच्या कामात हे घातक, कारण जॉब जरा पुढे-मागे ठेवला की माप बदलेल. म्हणून या यंत्रांत टेलिसेंट्रिक नावाचं भिंग वापरतात. ते समांतर येणारे किरणच घेतं, त्यामुळे वस्तू थोडी पुढे-मागे झाली तरी आकार तेवढाच दिसतो. मोठी सोय आहे ही. पण एक अडचण कोणत्याही भिंगाने सुटत नाही. ती म्हणजे कड.

कड कुठे आहे?

आपण सहज म्हणतो, "पिनेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत." पिनेची सावली कॅमेऱ्यात आली, बाहेर पांढरं, आत काळं. आता ते चित्र मोठं मोठं करत जा. पांढऱ्यातून काळ्यात एकदम उडी नसते. मध्ये दोन-तीन करडे चौकोन लागतात. ते होणारच. प्रकाश ही लहर आहे, ती कडेवर थोडी वळते, आणि भिंगही तिला थोडी पसरवतं.

संगणकाला हे चौकोन, म्हणजे पिक्सेल, आकड्यांत दिसतात. शून्य म्हणजे काळं, २५५ म्हणजे पूर्ण पांढरं. समजा कडेजवळ ओळीने असे आकडे आले: २४०, २०५, १३०, ५०, १५. सांगा, कड कुठे? तुम्ही म्हणाल, मधोमध, १२८ च्या आसपास. बरोबर, बहुतेक यंत्रं तेच करतात. ही कड तिसऱ्या पिक्सेलपाशी आली.

आता मागचा दिवा प्रखर करा. पांढरा प्रकाश उतू जातो. आकडे होतात २५५, २५५, २२०, ९८, २५. तीच पिन, तेच भिंग, तोच नियम. पण १२८ आता तिसऱ्या आणि चौथ्या पिक्सेलच्या मध्ये गेला, म्हणजे कड सुमारे पाऊण पिक्सेल आत सरकली. एक पिक्सेल पाच मायक्रॉनचा धरला तर एका बाजूला पावणेचार मायक्रॉन. पिनेला बाजू दोन. दोन्ही आत सरकल्या. पिन सात-आठ मायक्रॉनने बारीक झाली, आणि तिला कोणी हातही लावला नाही!

इथे श्रोत्यांपैकी कोणी म्हणेल, "मग मधोमधची कड खरी धरा आणि दिवा पक्का करून टाका." चांगला उपाय आहे, व्यवहारात तेच करतात. पण 'अर्ध्यावर कड' हा नियमसुद्धा सगळीकडे खरा नाही. साध्या पसरट दिव्याखाली तो बराचसा जमतो. लेझरसारख्या एकसंध प्रकाशात सरळ कडेचं चित्र घेतलं तर खऱ्या कडेवर उजेड अर्धा नसतो, पाव असतो. म्हणजे कड कुठे आहे हे ठरवण्याआधी उजेड कसला आहे हे माहीत असावं लागतं. कड वस्तूत असते हे खरं, पण आकड्यातली कड ही वस्तू, उजेड, भिंग आणि आपला नियम या चौघांनी मिळून केलेली असते.

आपल्याकडे वेदान्तात दोरी आणि साप यांचा दाखला देतात. अंधुक उजेडात दोरी सापासारखी दिसते. उजेड कमी पडला की चूक होते, हे आपल्या मनात पक्कं बसलेलं आहे. इथे उलट झालं. उजेड जास्त झाला म्हणून चूक झाली.

कॅलिब्रेशन पास, माप चूक

मग तुम्ही विचाराल, कंपनी यंत्राची तपासणी करत नव्हती का? करत होती. अगदी वेळच्या वेळी. ही सगळ्या कहाणीतली मला सर्वांत शिकण्यासारखी वाटलेली जागा आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

अशी यंत्रं बहुधा काचेच्या पट्टीने तपासतात. काचेवर क्रोमच्या बारीक रेघा असतात, त्यांच्यातलं अंतर प्रयोगशाळेने मोजून दिलेलं असतं. यंत्र काय करतं? पहिल्या रेघेची डावी कड पकडतं, पुढच्या रेघेची डावी कड पकडतं, आणि मधलं अंतर सांगतं. दिवा प्रखर असेल तर दोन्ही डाव्या कडा सारख्याच सरकतात, एकाच दिशेला. दोन माणसं एकाच दिशेला एकेक पाऊल सरकली तर त्यांच्यातलं अंतर बदलेल का? नाही. म्हणून यंत्र पास.

पिनेच्या व्यासात मात्र एक डावी कड आणि एक उजवी कड. त्या एकमेकींकडे सरकतात. समोरासमोरची दोन माणसं एकेक पाऊल पुढे आली की अंतर दोन पावलांनी कमी होतं. कॅलिब्रेशनने जी चूक लपवली, तीच व्यासात दुप्पट झाली. आणि होल मोजताना चूक उलटी होते: होल असेल त्याहून मोठं दिसतं. म्हणजे ज्या यंत्रावर चांगल्या पिना नापास होतात, त्याच यंत्रावर अरुंद होल पास होऊ शकतात.

प्रमाणपत्र खोटं नव्हतं. त्याने एका प्रश्नाचं खरं उत्तर दिलं होतं. कंपनीने ते उत्तर दुसऱ्याच प्रश्नाला लावलं.

गोल म्हणजे काय?

आता मायक्रोमीटरची बाजू घेऊन मी बसलोय असं वाटू नये, म्हणून त्याचीही झडती घेऊ.

मायक्रोमीटर दोन समोरासमोरच्या बिंदूंमधलं अंतर मोजतो. पिन फिरवून फिरवून मोजली आणि प्रत्येक वेळी ७.९९० आलं, तर पिन गोल आहे असं म्हणता येईल? नाही म्हणता येणार! ब्रिटनचं पन्नास पेन्सचं नाणं आठवा. ते सात बाजूंचं आहे, तरी कुठूनही मोजा, रुंदी सारखीच. बाजू किंचित फुगीर केल्या की तीन कोपऱ्यांचा आकारही असा करता येतो. सेंटरलेस ग्राइंडरवर मांडणी बिघडली तर नेमका हाच दोष येतो: पिनेला डोळ्याला न दिसणारे तीन उंचवटे. मायक्रोमीटर म्हणतो ठीक आहे, बाजूने पाडलेली सावलीही म्हणते ठीक आहे, आणि पिन होलमध्ये जात नाही. हा दोष पकडायला पिन व्ही-ब्लॉकवर ठेवून, वर डायल लावून फिरवावी लागते.

प्लेटो म्हणाला होता की खरं वर्तुळ या जगात सापडत नाही, ते फक्त बुद्धीला दिसतं. कारखान्यात हे रोज अनुभवाला येतं. यंत्र एखाद्या गोल कडेवर शंभर-दोनशे बिंदू घेतं. ते बिंदू कोणत्याही एका वर्तुळावर नेमके बसत नाहीत. मग त्यांतून वर्तुळ काढायचं कसं? एक रीत लेजांद्र आणि गाउस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दिलेली: सगळ्या बिंदूंपासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी होईल असं वर्तुळ. दुसरी रीत, सगळ्या बिंदूंना बाहेरून कवेत घेणारं लहानात लहान वर्तुळ. तिसरी, आत मावणारं मोठ्यात मोठं. चौथी, दोन समकेंद्री वर्तुळांच्या अरुंदात अरुंद पट्ट्यात सगळे बिंदू बसवायचे. चारही रीती मान्यताप्राप्त आहेत आणि चारही वेगळे आकडे देऊ शकतात.

यातली खरी कोणती? हा प्रश्नच अपुरा आहे. त्या होलमध्ये पिन जाणार असेल तर आत मावणारं वर्तुळ महत्त्वाचं. एक जरी बर आत आली असेल तरी पिन अडणार, तिथे सरासरी काढून काय उपयोग? यंत्र चालू केलं की बहुधा वर्गांच्या बेरजेची रीत आधीच निवडलेली असते, आणि ती कोणी निवडली हे कोणी विचारत नाही.

तापमानाचंही तसंच. मापं वीस अंश सेल्सिअसला धरायची, हे १९३१ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलं. शंभर मिलिमीटरचा पोलादी जॉब पस्तीस अंशांना मोजला तर तो सुमारे सतरा मायक्रॉन लांब भरतो. पुण्यातला मे महिना तुम्हाला ठाऊकच आहे.

एक आरसा, तीन साक्षीदार

आता स्क्रूकडून आरशाकडे. एप्रिल १९९० मध्ये हबल दुर्बीण अवकाशात गेली. तिचा मुख्य आरसा २.४ मीटर व्यासाचा. जूनपर्यंत कळलं की प्रतिमा धूसर येत आहेत. आरसा अतिशय गुळगुळीत घासलेला होता, पण चुकीच्या आकारात. कडेपाशी तो जवळपास २.२ मायक्रॉन जास्त सपाट होता. केसाच्या जाडीचा तिसावा भाग. दुर्बिणीच्या हिशोबात ही प्रचंड चूक.

हे झालं कसं? आरशाचा आकार तपासायला एक प्रकाशीय उपकरण बनवलं होतं, त्याला नल करेक्टर म्हणतात. आरसा बरोबर असेल तर त्यातून सरळ, नीटनेटके पट्टे दिसतात. हे उपकरण जोडताना त्यातल्या भिंगाचं अंतर एका दांडीच्या टोकावरून प्रकाश परतवून ठरवायचं होतं. दांडीवर मधोमध छिद्र असलेलं टोपण होतं, त्यावर प्रकाश परतू नये म्हणून काळा लेप दिला होता. त्या लेपाचा एक टवका उडालेला होता. प्रकाश दांडीऐवजी टोपणावरून परतला. अंतर १.३ मिलिमीटर चुकलं. भिंग हव्या त्या जागी सरकेना, तेव्हा जोडणाऱ्यांनी वॉशर घालून ते बसवलं. वॉशरची गरज का पडली, हे कोणी थांबून विचारलं नाही.

मग त्या चुकीच्या उपकरणाशी तंतोतंत जुळेल असा आरसा मोठ्या मेहनतीने घासला गेला.

खरी गोष्ट पुढेच आहे. आणखी दोन उपकरणांनी चूक दाखवली होती. आरशाची वक्रता मोजायला दुसरा, भिंगांचा नल करेक्टर वापरला, त्यात दोष दिसला. मुख्य उपकरण तपासायला जे उपकरण होतं, त्यातही पट्टे वाकडे आले. दोन्ही साक्षी बाजूला ठेवल्या गेल्या. कारण? मुख्य उपकरण सगळ्यांत अचूक, म्हणून बाकीच्यांचाच दोष असणार. नोव्हेंबर १९९० मध्ये चौकशी समितीच्या अहवालातून हे सगळं बाहेर आलं. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी जाऊन दुर्बिणीला जणू चष्मा लावला. तो चष्मा नेमका करता आला याचं एक कारण असं की ते चुकीचं उपकरण कारखान्यात जसंच्या तसं जोडलेलं राहिलं होतं. चूक किती, हे त्यानेच सांगितलं.

"आमचं मशीन मायक्रॉनचा दहावा भाग दाखवतं" हे वाक्य आठवतंय ना? फरक फक्त खर्चाचा.

प्रमाण

आता माझ्या विषयाकडे येतो. मराठीत 'प्रमाण' या शब्दाचा अर्थ माप असाही होतो आणि पुरावा असाही. हा योगायोग नाही. संस्कृतातला 'मा' हा धातू मोजण्याचा. त्यातूनच प्रमाण, प्रमेय आणि प्रमाता आले. म्हणजे कळण्याचं साधन, कळायची गोष्ट आणि जाणणारा. आपल्या पूर्वसुरींना मोजणं आणि जाणणं ही एकाच कुळातली वाटली.

त्यांच्यात एक जुना वाद आहे. ज्ञान खरं आहे हे कशावरून कळतं? मीमांसक म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण असतं. ते खोटं ठरवणारं काही, ज्याला ते बाधक म्हणतात, समोर येईपर्यंत त्याला खरं धरा. नैयायिक म्हणतात, नाही. ज्ञानाचा खरेपणा त्याच्या बाहेरून ठरतो. त्यावर विसंबून वागून बघा, दुसऱ्या साधनाने पडताळा, मग म्हणा.

विद्यार्थ्यांना हा वाद केस चिरण्यासारखा वाटायचा. मला आता तो तपासणीच्या खोलीत दिसतो. प्रत्येक आकडा दुसऱ्या साधनाने पडताळत बसलो तर कारखाना चालणार नाही. रोजच्या कामात आपण मीमांसकच असतो, आणि त्यात काही वावगं नाही. कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्रसुद्धा एका अर्थी शब्दप्रमाणच आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाणाऱ्या साखळीतल्या जाणत्यांवर आपण विश्वास ठेवतो. पण हबलच्या बाबतीत बाधक समोर आलं होतं, तेही दोन वेळा. कट्टर मीमांसकसुद्धा तिथे थांबला असता. त्या लोकांनी ना नैयायिकांचं ऐकलं, ना मीमांसकांचं. त्यांनी अचूक दिसणाऱ्या आकड्याचं ऐकलं.

आकड्यात दशांशस्थळं किती आहेत यावरून तो किती बारीक वाचलाय एवढंच कळतं. तो खरा आहे का, ते दुसरा साक्षीदार सांगतो. दुसरा साक्षीदार कमी अचूक असला तरी चालतो. मात्र त्याने चुकायची कारणं वेगळी असली पाहिजेत.

पिनेचं काय झालं

कंपनीतल्या एका तरुण निरीक्षकाने भाच्याचं ऐकून घेतलं. त्याने एक साधी गोष्ट केली. आठ मिलिमीटरचा प्लग गेज, ज्याचा व्यास प्रयोगशाळेने मोजून दिलेला आहे, तोच त्या मशीनखाली ठेवला. गेज आठ मायक्रॉन बारीक भरला. पोलादाचा गेज एका रात्रीत झिजत नाही. मग शोध दिव्यापर्यंत गेला. मधे कधीतरी दुसऱ्या एका जॉबसाठी दिवा वाढवला होता, तो तसाच राहिला होता.

लॉट परत घेतला गेला. पण या निमित्ताने भाच्याने सगळ्या पिना व्ही-ब्लॉकवरही तपासल्या, आणि चाळीसेक पिना तीन उंचवट्यांच्या निघाल्या. कंपनीने त्या पकडल्या नव्हत्या, मायक्रोमीटरनेही नाही. त्या त्याने स्वतः बाजूला काढल्या. ग्राइंडरवरच्या माणसाला त्याने दोन्ही गोष्टी सांगितल्या: तुझा व्यास बरोबर होता, आणि तुझी मांडणी मधे थोडी हलली होती. तो माणूस म्हणे हसला आणि म्हणाला, "हे कळलं असतं तर आधीच झोपलो असतो."

अशा वादासाठी एक आंतरराष्ट्रीय मानकही आहे, आयएसओ १४२५३ चा पहिला भाग. त्याचा मूळ नियम असा: ज्याला सिद्ध करायचंय, त्याच्या मोजण्यातली अनिश्चितता त्याच्याच विरुद्ध धरायची. माल चांगला आहे असं पुरवठादाराला म्हणायचं असेल तर त्याने मर्यादेच्या तेवढं आत राहावं. माल वाईट आहे असं गिऱ्हाइकाला म्हणायचं असेल तर माप मर्यादेच्या तेवढं बाहेर गेलेलं दाखवावं. भाच्याच्या पिना मर्यादेबाहेर होत्या तीन मायक्रॉन. मोजणाऱ्या यंत्राची चूक होती आठ. मोजमापाच्या शास्त्रात न्यायाची इतकी बारीक जाण असेल, असं मला आधी वाटलं नव्हतं.

निवडक प्रश्नोत्तरे

प्रश्न: मायक्रोमीटर आणि गेज एवढे भरवशाचे असतील तर कॅमेऱ्याने मोजायचंच कशाला?

उत्तर: रबराची वायसर मायक्रोमीटरने मोजून बघा. जबडा लागला की ती दबते, आणि आपण दाबलेली वायसर मोजतो. पातळ पत्रा, प्लॅस्टिक, घड्याळातले दाते, बारीक आटे, यांना स्पर्श न करता मोजणं हाच मार्ग. शिवाय कॅमेरा एका क्षणात शेकडो बिंदू घेतो. प्रकाश हा उत्तम साक्षीदार आहे. त्याला एकट्याला न्यायाधीश करू नका, एवढंच माझं म्हणणं.

प्रश्न: आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. ती कड आपोआप शोधेल. मग हा प्रश्न संपेल का?

उत्तर: तिला कड शिकवली कोणी? आधी कोणीतरी हजारो चित्रांवर 'ही कड' म्हणून खूण केली असेल, किंवा दुसऱ्या यंत्राचे आकडे दिले असतील. ते दिलेले आकडे प्रखर दिव्याखालचे असतील तर ती तीच चूक मोठ्या आत्मविश्वासाने शिकेल. हबलचा आरसा असाच शिकला होता. मदत जरूर घ्यावी, पण प्लग गेज खिशात ठेवावा.

प्रश्न: मी पॉलिटेक्निकला शिकतो. सर, आम्ही नेमकं काय करायचं?

उत्तर: तीन सवयी लाव. रोज सकाळी पहिला जॉब मोजायच्या आधी, जॉबसारखाच आकार असलेली, माहीत मापाची वस्तू मशीनखाली ठेव. पिना मोजायच्या असतील तर गोल गेज, काचेची पट्टी पुरेशी नाही. दुसरं, अहवालात आकड्यासोबत दिव्याची मांडणी, भिंग आणि वर्तुळ काढायची रीत लिही. आणि तिसरं, दोन साधनं भांडली तर लगेच महागड्या साधनाची बाजू घेऊ नकोस. ती का भांडली ते शोध. त्या दोन हजार पिनांमागे कोणीतरी आठवडाभर उभा होता, हे लक्षात ठेव.